अठ्ठ्याहत्तर मैलांची सोबत

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘अमेरिकेतले अनुभव’. वीस मिनिटांत एवढा मोठा देश काही मावायचा नाही. म्हणून मी फक्त एका शनिवार-रविवारबद्दल बोलणार आहे. त्यात आपल्या तुकडीतले तिघं होतो. एक जण पळाला, एक जण रात्रभर त्याच्याबरोबर चालला, आणि मी गाडी चालवली, बर्फ फोडला आणि पुष्कळ वाट पाहिली. पहिले दोघं आज समोरच बसलेत. नावं घ्यायची नाहीत, अशी त्यांची अट आहे. पण तुम्हाला ओळखता येईल. जो खाली मान घालून बसलाय, तो पळणारा. त्याची परवानगी घेऊनच मी बोलते आहे.

या शर्यतीचं नाव ‘वेस्टर्न स्टेट्स’. कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडाच्या डोंगरात, जूनच्या शेवटी असते. अंतर शंभर मैल, म्हणजे १६१ किलोमीटर. साताऱ्याहून पुण्याला जायचं आणि तिथून परत शिरवळपर्यंत यायचं, एवढं. फक्त हायवे नाही, पायवाट. एकूण चढ सुमारे १८ हजार फूट. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून निघून कळसूबाई तीनदा चढायचं, आणि वर आणखी थोडं. उतार त्याहून जास्त, सुमारे २३ हजार फूट. पहाटे पाच वाजता ऑलिम्पिक व्हॅलीतून निघायचं, ३० तासांत ऑबर्न गावात पोचायचं. मुळात ही घोड्यांची वाट. १९५५ पासून तिथं एका दिवसात शंभर मैल घोडा नेण्याची स्पर्धा होते. १९७४ साली गॉर्डी एन्स्ली नावाचा एक गडी घोड्याशिवाय त्या स्पर्धेत उतरला आणि २३ तास ४२ मिनिटांत पायी पोचला. तिथून माणसांची शर्यत सुरू झाली.

वाटेतला ग्रॅनाइट चीफ हा भाग १९८४ पासून कायद्यानं राखलेलं रान आहे. तिथं गर्दी चालत नाही, म्हणून धावपटूंवर ३६९ची मर्यादा घातलेली आहे. साहजिकच दर डिसेंबरला सोडत काढतात. अर्ज करायलाही आधी एक ठरलेली लांब शर्यत पूर्ण करावी लागते. पहिल्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी. नंबर नाही लागला तर पुढच्या वर्षी दोन, मग चार, आठ, सोळा. आपल्या मित्राचा नंबर लागला तेव्हा त्याच्या बत्तीस चिठ्ठ्या झाल्या होत्या. हिशोब करा, सहावं वर्ष. आणि एकदा नंबर लागून तुम्ही पळायला उभे राहिलात, की पाटी कोरी. पुढच्या वेळी परत एका चिठ्ठीपासून सुरुवात.

आता यात आमचं काम काय? धावपटूला मदत करणाऱ्या माणसांना तिथं ‘क्रू’ म्हणतात. ठरलेल्या काही मदतकेंद्रांवरच क्रूनं भेटायचं, मधे कुठंही नाही. फॉरेस्टहिल हे गाव ६२व्या मैलावर आहे. तिथून पुढं एक जण सोबतीला चालू शकतो, त्याला म्हणतात ‘पेसर’. आपला दुसरा मित्र त्यासाठी पुण्याहून रजा काढून आला होता. ही सोबत कशी करायची, त्याचा नियम मला फार आवडला. पेसरनं धावपटूचं काहीही उचलायचं नाही. पाण्याची बाटली नाही, जॅकेट नाही, बॅटरीसुद्धा नाही. हात धरून ओढायचं नाही, मागून ढकलायचं नाही. बरोबर चालायचं, बोलायचं, वाट दाखवायची. बास.

हा नियम कागदावरच आहे असं समजू नका. २००६ साली पहिल्या क्रमांकावर असलेला धावपटू शेवटच्या मैदानात शिरला आणि कोसळला. रेषा अगदी समोर दिसत होती. त्याच्या माणसांना राहवलं नाही. त्यांनी त्याला उठवून, आधार देऊन रेषेपार नेलं. तो बाद झाला. जवळजवळ शंभर मैल तो स्वतःच्या पायांनी आला होता, आणि ज्यांचा त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव होता, त्यांच्याच हातांनी तो बाद झाला. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

आपल्यातल्या पुष्कळांना यवतेश्वरची पायी सहल आठवत असेल. पीटीचे सर सगळ्यात मागं चालायचे. आपण दमून दप्तर त्यांच्यापुढं धरलं, की म्हणायचे, “दप्तर तुझं, रस्ता तुझा. मी मागं आहे.” तेव्हा राग यायचा. कॅलिफोर्नियातलं ते नियमपत्रक वाचताना मला सरच बोलताहेत असं वाटलं.

शनिवारी सकाळी आम्ही पहिल्यांदा भेटलो ते रॉबिन्सन फ्लॅटला, ३०व्या मैलावर. ‘आम्ही’ म्हणजे मी, पुण्याचा मित्र आणि वहिनी. वहिनींनी महिनाभर आधीपासून एक वही केली होती. कुठल्या केंद्रावर काय द्यायचं, कुठले मोजे, किती मीठ, सगळं पानावर. शिवाय एक गोष्ट त्यांनी आम्हा दोघांना बजावून ठेवली होती. “त्याला ‘कसा आहेस?’ असं कुणी विचारायचं नाही. आणि ‘काय देऊ?’ असंही विचारायचं नाही.”

मला ते जरा विचित्र वाटलं. पण त्यामागं कारण होतं. आठ-दहा तास पळालेल्या माणसाचं डोकं निवड करण्याच्या अवस्थेत नसतं. ‘काय देऊ?’ म्हटलं की तो ‘काही नको’ म्हणणार. म्हणून पदार्थ समोर धरायचा. घेतला तर घेतला, नाहीतर पुढचा. उकडलेला बटाटा मीठ लावून, कलिंगडाची फोड, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, मऊ मुगाची खिचडी, लोणच्याची एक फोड. ‘कसा आहेस?’च्या जागी नेमके प्रश्न: शेवटचं काय खाल्लंस? पोटात टिकलं का? लघवी कधी झाली आणि रंग कसा होता? हसू नका, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. इतक्या वेळच्या श्रमात स्नायू मोडतात आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. चहासारखी काळपट लघवी दिसली तर थेट डॉक्टरकडं. आणि म्हणूनच पाय कितीही दुखले तरी आयबुप्रोफेनसारखी गोळी द्यायची नाही, ती मूत्रपिंडांना आणखी घातक. आणखी एक गोष्ट मला तिथंच कळली. नुसतं पाणीच पाणी पाजणंही वाईट. रक्तातलं मीठ उतरतं, बोटं सुजतात, माणूस बरळायला लागतो. ‘पी रे, अजून पी’ ही माया तिथं जिवावर बेतू शकते.

दुपारी तो दऱ्यांमध्ये उतरला. तिथं पारा ३८ अंशांच्या वर जाऊ शकतो. वरून दरीत उतरायचं, तळाला ओढा, परत नागमोडी वळणांनी वर. त्या तासांत आमच्या हातात काहीच नसतं. फोनला रेंज नाही, रस्ता नाही. ५५व्या मैलाच्या पुढं मिशिगन ब्लफ नावाची छोटी वस्ती आहे. तिथं आम्ही रुमालात बर्फ गुंडाळून, टोपीत बर्फ भरून, थर्मास उघडून बसलो होतो. शेजारी दुसऱ्या धावपटूंचे क्रू. कुणाची मुलगी, कुणाचे म्हातारे वडील. अनोळखी माणसं एकमेकांना बर्फ देत होती. पावणेचारशेच्या आतबाहेर धावणारे, आणि त्यांच्यासाठी सुमारे दीड हजार स्वयंसेवक. म्हणजे पळणाऱ्या एका माणसामागं चार जण.

तो आला तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा बराच मागं होता. चढानं नव्हे, उतारानं त्याचे पाय खाल्ले होते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार झेलतात. काही तासांनी ते लाकडासारखे होतात आणि चार पायऱ्या उतरणंही नको वाटतं. गळ्यात बर्फाचा रुमाल बांधला, खिचडी चार घास गेली, आणि तो निघाला.

फॉरेस्टहिल म्हणजे एका लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वसलेलं गाव. तिथं तो पोचला तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजून गेले होते. केंद्र बंद व्हायला अर्धा तासही नव्हता. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, “बास. नको आता मला.”

सहा वर्षं वाट पाहिलेला माणूस ‘नको’ म्हणतोय. वहिनी त्याच्यापुढं गुडघ्यावर बसल्या. त्यांनी ‘तू करू शकतोस’ म्हटलं नाही, ‘सोडून दे’ही म्हटलं नाही. त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन प्रश्न होते. तो कुठं आहे हे त्याला कळतंय का? खाल्लेलं पोटात राहतंय का? सरळ रेषेत चालता येतंय का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर पुढं जायचं की थांबायचं हे तो ठरवणार. एकाचंही ‘नाही’ असेल तर आम्ही ठरवणार, आणि मग त्याचं ऐकायचं नाही. हे दोघांनी घरीच, शांत डोक्यानं, आधी लिहून ठेवलेलं. मला आजही वाटतं, त्या सगळ्या सामानात तेवढं पान सगळ्यात मोलाचं होतं.

तिन्ही उत्तरं ‘हो’ होती. वहिनी म्हणाल्या, “तुझं तू ठरव. दहा मिनिटं आहेत.” आणि त्याचे मोजे बदलायला घेतले. पुण्याचा मित्र काही न बोलता उठला, डोक्याला बॅटरी बांधली आणि वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. पाठमोरा. चार-पाच मिनिटं गेली असतील. पळणारा उठला, खुर्ची बाजूला सारली आणि त्याच्या मागं चालायला लागला.

पुढच्या १६ मैलांबद्दल मी ऐकीव सांगते आहे. वाट नदीच्या दिशेनं उतरत जाते. अंधार, धूळ, दोन बॅटऱ्यांचे गोल. आपल्या पेसरनं त्याला जागं ठेवायला काय केलं असेल? बाई, तुम्हाला ऐकून बरं वाटेल. त्यानं पाढे म्हणून घेतले. मधेच विचारायचं, एकोणतीस साते? उत्तर आलं, दोनशे तीन. उत्तर बरोबर आलं म्हणजे डोकं ठिकाणावर आहे, पुढं चालायला हरकत नाही. सर्व शिक्षकांच्या नकला झाल्या. कोणाकोणाच्या, ते जेवताना त्यालाच विचारा. एका ठिकाणी पळणारा थांबला आणि म्हणाला, “माझी पिशवी दोन मिनिटं धर ना.” अंधार होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. हा म्हणाला, “नाही धरणार. पण थांबतो.” आणि थांबला.

७८व्या मैलावर नदी लागते. जागेचं नाव रकी चकी. पाण्यात आडवा दोर बांधलेला असतो आणि स्वयंसेवक रात्रभर कमरेएवढ्या थंड पाण्यात उभे राहून एकेकाला पार करतात. पाणी जास्त असेल त्या वर्षी तराफ्यातून नेतात. आपल्या मित्रानं या दोराचा फोटो सहा वर्षं टेबलासमोर लावून ठेवला होता. मी आणि वहिनी पलीकडच्या अंगाला, चढ चढून आल्यावर ग्रीन गेट नावाचं केंद्र आहे तिथं, कोरडे बूट घेऊन बसलो होतो. उजाडत आलं. एकेक बॅटरी खालून वर यायची, आम्ही उठायचो, आणि ती दुसऱ्याच कोणाची असायची. आम्ही त्यालाही टाळ्या वाजवायचो आणि परत बसायचो. मग बॅटऱ्या यायच्या थांबल्या. वायरलेसवर बसलेल्या एका वयस्कर स्वयंसेवकानं आमच्याकडं पाहिलं, कानावरचा फोन काढला आणि स्वतः उठून आमच्यापाशी आला. ते उठून येणं पाहूनच आम्हाला कळलं.

नदीच्या अलीकडं तो मुदत संपल्यावर सात मिनिटांनी पोचला होता. तिथं मनगटावरची पट्टी कापतात. कापणारी बाई त्याला म्हणे दोनदा ‘सॉरी’ म्हणाली. तो दोरापर्यंत गेला नाही. काठावर बसला, बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले. पेसर शेजारी बसला. दोघं एक शब्द बोलले नाहीत, असं दोघंही सांगतात.

तुम्ही म्हणाल, सात मिनिटं! अंधारात ती पिशवी धरली असती तर? हा प्रश्न मी त्याला विचारला होता. पेसरला नव्हे, पळणाऱ्याला. तो म्हणाला, “मग ते अठ्ठ्याहत्तर मैल माझे राहिले नसते.”

शर्यत संपते ती जागा सांगायची राहिली. ती संपते एका शाळेच्या मैदानात. ऑबर्नची प्लेसर हायस्कूल. रानातून आलेली वाट गावच्या रस्त्याला लागते, आणि शेवटचे काहीशे फूट शाळेच्या धावपट्टीवर पळायचे. रविवारी सकाळी स्वयंसेवकांच्या गाडीतून हे दोघं तिथं आले. वहिनींनी थर्मासमधली खिचडी वाढली. त्यानं खाल्ली. मला वाटलं, आता घरी जाऊन झोपेल. तो म्हणाला, “दहा वाजायला आलेत. अजून माणसं यायची आहेत.”

शेवटच्या तासाला, दहा ते अकरा, सगळं गाव त्या मैदानाभोवती जमतं. पहिल्या आलेल्यासाठी असते त्याहून मोठी गर्दी शेवटच्या आलेल्यांसाठी. २०१५ साली गनहिल्ड स्वॉन्सन नावाच्या सत्तर वर्षांच्या आजी तिथं आल्या, तेव्हा घड्याळात काही सेकंद उरले होते. २९ तास ५९ मिनिटं ५४ सेकंदांना त्यांनी रेषा ओलांडली. त्या वर्षीचा विजेता रॉब क्रार १५ तासांच्या आतच पळून मोकळा झाला होता. तो शेवटच्या मैलाला पायात सपाता घालून त्यांच्याबरोबर पळत आला. बरोबर पळाला. हात मात्र लावला नाही.

आपला मित्र त्या रविवारी कठड्याला धरून उभा होता, कारण गुडघे वाकत नव्हते. कापलेली पट्टी खिशात होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवरचा नंबर वाचून यादीत नाव शोधायचा आणि ते नाव घेऊन ओरडायचा. अकरा वाजून गेल्यावरही दोघं-तिघं आले. त्यांचा वेळ धरला जाणार नव्हता. त्यांच्यासाठी त्याचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मंडळी, आपण सगळे आता पन्नाशी ओलांडलेले. कोणाचे आईवडील अंथरुणाला खिळलेत, कोणाची स्वतःची केमो चालू आहे, कोणाचं घर मोडलंय. आपल्या गटावर अशी बातमी आली की आपण लगेच लिहितो, ‘काही लागलं तर सांग.’ मनापासून लिहितो. पण दमलेल्या माणसाला काय लागतंय ते शोधून, शब्दांत मांडून, आपल्याला सांगायला लावणं, हे त्याच्यावर आणखी एक काम टाकणं आहे. त्याऐवजी ‘गुरुवारी संध्याकाळचा डबा मी आणते’ असं लिहूया. ‘मंगळवारी दवाखान्यात रात्री मी थांबतो, तू झोप’ असं लिहूया. समोर धरूया. नको असेल तर तो नको म्हणेल.

दुसरं म्हणजे, त्याचा रस्ता आपण चालायला जाऊ नये. ‘मी तुझ्या जागी असतो तर’ हे वाक्य मदतीच्या नावाखाली दुसऱ्याची पिशवी ओढून घेतं. आपण हाकेच्या अंतरावर थांबावं. अख्ख्या चोवीस तासांत आम्ही दोघी त्याला मिळून अर्धा तास भेटलो. बाकी सगळी तयारी आणि वाट पाहणं. ते वाया गेलं असं मला कधी वाटलं नाही, आणि त्यालाही वाटलं नाही.

गेल्या डिसेंबरला त्यानं पुन्हा अर्ज भरला. एका चिठ्ठीवर नंबर लागत नाही, तसा लागलाही नाही. येत्या डिसेंबरला दोन होतील. त्या हिशोबानं त्याचा नंबर येईपर्यंत आम्ही साठीला टेकू. पुण्याच्या मित्रानं रजेचं आत्ताच बोलून ठेवलंय, वहिनींची वही जपून ठेवलेली आहे, आणि खिचडीचा थर्मास माझ्याकडं आहे. गाडीत आणखी दोघांची जागा आहे. कोणाला यायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.